वीस मिनिटांची माफी

ओजस गेल्यापासून तीन वर्षं शेलारांच्या घरी कुणी जेवायला आलं नव्हतं. माणसं यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, अर्धा चहा तसाच ठेवून उठायची. नऊ वर्षांचा मुलगा गेलेल्या घरात काय बोलायचं, हे कुणालाच सुचत नाही. त्यात त्याचे आईवडील, हेमांगी आणि भूषण, समोरच्याला बोलायला काही मदतही करत नव्हते. भूषण तर मुळीच नाही. तो संध्याकाळी शिरोलीच्या फाउंड्रीतून यायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, बातम्या लावायचा. ओजसचं नाव त्यानं तीन वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. हेमांगीनं काढलं, की तो उठून गॅलरीत जायचा आणि कुंड्यांना पाणी घालायचा. सकाळी घातलेलं असलं तरी.

म्हणून भूषणच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला हेमांगीनं घरी खुनाचा खेळ आणि जेवण ठेवलं, तेव्हा तिची मैत्रीण फरीदा चकितच झाली. फरीदा मुलाणी भूल देणारी डॉक्टर. दोघी शाळेपासूनच्या.

"खून? तुमच्या घरात?"

"खोटा गं. नुसतं जेवायला बोलावलं तर सगळे ताटाकडे बघत बसतील. खेळ असला की बोलायला काहीतरी असतं. आणि तो हसेल तरी जरा."

"त्यात ती विसरी असते, माहितीय ना? आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतो ती."

"म्हणून तर तुला आधी विचारतेय. घ्यायला हरकत नाही ना?"

"हरकत तशी काही नाही," फरीदा म्हणाली. "सरकारनंच परवानगी दिलीय."

घरी खुनाचे खेळ खेळायची हौस कोल्हापुरात नवी नव्हती. पाहुणे सोंगं घेऊन यायचे, जेवताजेवता एकमेकांची उलटतपासणी करायचे आणि शेवटी खुनी पकडायचे. त्यात एकच अडचण असायची. खुनी झालेल्याला आपण खुनी आहोत हे ठाऊक असायचं, आणि नट कच्चा असला की पहिल्या घासालाच तो पकडला जायचा. विसरीनं ती अडचण दूर केली.

आपण जगतो तो प्रत्येक क्षण आपोआप आठवण होत नाही. मेंदूत, साधारण कानाच्या रेषेत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा वळणदार भाग असतो. ताज्या अनुभवाची तो घडी घालतो आणि ती घडी हळूहळू पेशींच्या जोडण्यांमध्ये पक्की होते. ही घडी घालणंच काही काळ थांबवणारी औषधं शस्त्रक्रियेत फार वर्षांपासून होती. माणूस जागा असतो, बोलतो, हसतो, भांडतो. फक्त त्यातलं मागे काही उरत नाही. जुन्या औषधांनी गुंगी यायची आणि ती दिवसभर रेंगाळायची. विसरी मात्र जिभेखाली विरघळणारी कागदासारखी पट्टी होती. तिचा अंमल वीस मिनिटं टिके, आणि मग रक्तातलीच विकरं तिचे तुकडे करून टाकत. आधी हाडं बसवताना, दात काढताना ती वापरली गेली. मग एका कंपनीनं ती खेळाच्या खोक्यात घातली.

यजमान सोडून सगळ्यांनी पट्टी घ्यायची. मग पत्ते वाटायचे. ज्याला काळा पत्ता येईल त्यानं यजमानाबरोबर आतल्या खोलीत जायचं, शस्त्र निवडायचं, पुरावे लपवायचे. वीस मिनिटांनी मनगटावरचा पट्टा वाजला, की सगळे पुन्हा कोरे. खुनीही स्वतःच केलेल्या खुनाचा तपास प्रामाणिकपणे करायला लागतो.

त्या संध्याकाळी फरीदा आली, भूषणचा फाउंड्रीतला मित्र विनायक आणि त्याची बायको रेवती आली. पांढऱ्या रश्श्याचा वास घरभर होता. हेमांगीनं पत्ते वाटले आणि काळा पत्ता भूषणला आला.

आतली खोली म्हणजे ओजसची खोली. दुसरी मोकळी खोलीच नव्हती. हेमांगीनं दोन दिवस आधी ती उघडून झाडून घेतली होती आणि पलंगावर नवी चादर घातली होती. भूषण रबरी सुरा हातात घेऊन आत आला आणि दाराशीच थांबला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच तिथे पाऊल टाकत होता.

"कुठे लपवायचा हा?" त्यानं विचारलं. मग लपवायचं सोडून तो त्या छोट्या पलंगावर बसला. गुडघे जवळजवळ छातीला लागले त्याचे.

"हेमा, यातलं मला खरंच काही आठवणार नाही?"

"नाही."

"नक्की? फरीदानं सांगितलंय?"

"नक्की. का रे?"

तो काही क्षण सुऱ्याकडे बघत राहिला.

"ओजसचं दुखणं रात्री नाही सुरू झालं," तो म्हणाला. "सकाळपासूनच दुखत होतं त्याच्या पोटात."

हेमांगी भिंतीला टेकली. त्या रविवारी ती पुण्यात होती, दूध संघाच्या प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणाला. रात्री नऊला दुखायला लागलं आणि लगेच दवाखान्यात नेलं, असं भूषणनं तिला सांगितलं होतं. डॉक्टरांनाही त्यानं तेच सांगितलं होतं. अपेंडिक्स फुटलं, विष अंगभर पसरलं, उशीर झाला. तीन वर्षं ती नशिबालाच बोल लावत होती.

"दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता," भूषण सांगत होता. "मागच्या परीक्षेला त्यानं काय केलं होतं आठवतं? तब्येतीचा पट्टा गरम दुधाच्या कपाला लावला आणि ताप दाखवला. मला वाटलं, तेच चाललंय. पट्टा दोनदा वाजला, मी बंद केला. म्हटलं, नाटकं पुरे, अभ्यासाला बस. दुपारी दुखायचं थांबलं त्याचं. एकदम थांबलं. मी म्हटलं, बघ, नाटकच होतं की नाही? आणि हेमा, तो म्हणाला, हो बाबा. बहुतेक नाटकच होतं." त्याचा आवाज फाटला. "तेव्हाच फुटलं होतं ते. फुटलं की थोडा वेळ दुखायचं थांबतं. मी नंतर वाचलं. मी मारलं त्याला. मी."

रबरी सुरा अजून त्याच्या हातात होता. हेमांगीला वाटलं, ह्याच्या तोंडात मारावी. खाडकन मारावी. तीन वर्षं हा माझ्या शेजारी झोपला आणि गप्प राहिला. पण तो लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि म्हणत होता, "मला माफ कर, एकदा म्हण, माफ केलं म्हण." तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "केलं. माफ केलं." त्यातलं खरं किती आणि त्याला गप्प करण्यासाठी किती, हे तिचं तिलाही कळलं नाही.

मग तिनं त्याला तोंड धुवायला लावलं. सुरा तिनंच गादीखाली सारला.

पट्टा वाजला तेव्हा भूषण दिवाणखान्यात सोफ्यावर होता. त्यानं डोळे मिचकावले, आजूबाजूला पाहिलं आणि हात चोळले. "चला! खुनी कोण? मला तर विन्याचाच संशय येतोय." जेवताना त्यानं विनायकला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. शेवटी काळा पत्ता त्याच्याच खिशातून निघाला तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मी? अरे, शक्यच नाही!"

हेमांगी पळी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते हसू तिनं तीन वर्षांनी ऐकलं होतं.

नंतरचे आठ दिवस ती नुसती धुमसत होती. भूषणकडे बघवत नव्हतं. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी जागं झालं होतं. मुलाच्या शेवटच्या दिवशी ती तिथे नव्हती. तो दिवस फक्त भूषणकडे होता, कुलूप लावलेला. आणि आता त्या कुलपाची किल्ली तिला सापडली होती.

दोन महिन्यांनी तिनं पुन्हा खेळ ठेवला. दूध संघातल्या मैत्रिणींना बोलावलं. पत्ते तीच वाटणार होती. काळा पत्ता कुणाला जातो ते तिच्या हातात होतं. आतल्या खोलीत तिनं एवढंच म्हटलं, "यातलं तुला काही आठवणार नाही, भूषण. काही सांगायचंय?" आणि तो बोलायला लागला. पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. तसेच हुंदके, तशीच माफी. या वेळी मात्र तिनं मध्ये मध्ये विचारलं. सकाळी काय खाल्लं त्यानं? कुठला शर्ट होता अंगात? दुपारी बरं वाटल्यावर काय केलं?

"आइस्क्रीम मागितलं. दोन चमचे खाल्लं आणि म्हणाला, उरलेलं आईला ठेवू."

तिसऱ्या खेळाच्या वेळी तिला कळलं, की संध्याकाळी तापात तो गॅलरीत जाऊन बसला होता आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग मोजत होता. चौथ्या वेळी भूषण म्हणाला, "तुला फोन लावत होतो मी. सहा वाजता. त्यानंच फोन काढून घेतला हातातून. म्हणाला, बाबा, आईला नको सांगू, ती उगाच घाबरून धावत येईल."

त्या दिवशी दोघंही त्या छोट्या पलंगावर एकमेकांना धरून रडली. आणि त्या दिवशी हेमांगीनं त्याला खरोखर माफ केलं. मनात काहीही मागे न ठेवता. तिचं तिला ते स्पष्ट जाणवलं. खूप दिवस वळलेली मूठ उघडावी, तसं. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, "ऐक. माझ्या मनात आता काही नाही. तुझी चूक झाली, पण तू त्याला मारलं नाहीस." त्यानं मान हलवली. त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. थोड्या वेळानं पट्टा वाजला आणि तो म्हणाला, "पुन्हा मीच खुनी नसेन म्हणजे मिळवली."

पण या वेळी तो हसला नाही. जेवणही त्याला गेलं नाही.

त्यानंतर भूषण बदलत गेला. आधी तो बाहेर सोफ्यावर झोपायला लागला; पाठ दुखते म्हणाला. एकदा स्वयंपाकघरात हेमांगीनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो असा दचकला की हातातला पेला फुटला. ओजसच्या खोलीवरून जाताना तो भिंतीला चिकटून जायचा. एका सकाळी त्यानं हृदयाची तपासणी करून घेतली. सगळं व्यवस्थित निघालं.

"मग नक्की काय होतंय तुला?" हेमांगीनं विचारलं.

तो ओशाळला. "कसं सांगू? तू जवळ आलीस की छातीत धस्स होतं. घाम सुटतो. काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. तू केसांना हात लावलास की तर..." तो थांबला. "तुझं काही चुकलेलं नाही, हेमा. तू चांगलीच वागतेयस की माझ्याशी. मलाच काय झालंय कळत नाही."

हेमांगी त्याच दुपारी फरीदाच्या हॉस्पिटलात गेली आणि तिला सगळं सांगितलं. चारही संध्याकाळींचं. ऐकून झाल्यावर फरीदानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिप्पोकॅम्पसच्या टोकाशी बदामाएवढा एक भाग असतो," ती म्हणाली. "अमिग्डाला. भीती तिथे नोंदली जाते. शब्द नाहीत, प्रसंग नाही, तारीख नाही. फक्त, हा वास, हा स्पर्श, ही खोली, आणि सावध राहा. विसरी त्या भागाला हात लावत नाही. आमच्याकडे एका बाईंचं खांद्याचं हाड बसवताना औषध कमी पडलं, खूप दुखलं त्यांना. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण पुढच्या वेळी हिरवा गाऊन बघून त्या थरथरायला लागल्या. कशानं ते त्यांना सांगता येईना."

"म्हणजे भूषण..."

"चार वेळा तो आयुष्यातल्या सगळ्यात भयंकर जागी जाऊन आला. आणि प्रत्येक वेळी तिथे तू होतीस. तुझा हात होता."

"पण मी त्याला माफ करत होते, फरीदा! दर वेळी!"

"माफी शब्दांत असते गं," फरीदा हळूच म्हणाली. "शब्द ठेवायचं कपाट तेव्हा बंद होतं."

हेमांगीनं विचारलं, "आता हे जाणार कसं?"

"भीती सुटते. पण आपण कशाला भितोय हे कळलं तर. त्याला तेच ठाऊक नाही." फरीदानं तिचा हात धरला. "सांगावं लागेल तुला त्याला. तो काय करेल, ते मला नाही सांगता येणार."

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर हेमांगीनं सांगितलं. ती मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. "भूषण, मला ओजसचं माहितीय. सकाळपासून दुखत होतं ते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी सांगितलं?"

"तू."

तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. गरम दुधाचा कप, बंद केलेला पट्टा, आइस्क्रीम, गाड्यांचे रंग, सहाचा फोन. भूषण ऐकत होता, पण कुणा तिसऱ्याच माणसाची गोष्ट ऐकावी तसा. मधूनच त्याचे ओठ हलत, जणू प्रत्येक वाक्य खरं आहे की नाही ते तो ताडून बघत होता. सगळं खरं होतं.

"तू मला पत्ता मुद्दाम दिलास?"

"पहिल्यांदा नाही. नंतर हो."

"का?"

"मला तो दिवस हवा होता. तुझ्याकडे होता तो. जागेपणी तू दिला नसतास."

"नसता दिला," तो म्हणाला. "तो मला स्वतःहून द्यायचा होता, हेमा. मी रोज ठरवायचो. फाउंड्रीतून येताना पुलावर रोज ठरवायचो, आज सांगायचं. एक दिवस सांगितलंही असतं." त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "मी माफी मागितली?"

"हो. दर वेळी."

"आणि तू केलंस माफ?"

"पहिल्यांदा तोंडदेखलं. शेवटी अगदी मनापासून. अजूनही आहे ते तसंच, भूषण. माझ्या मनात काही उरलेलं नाही."

तो आपल्या आत काहीतरी शोधू लागला.

"मग ती माफी मला कुठेच का सापडत नाही?" त्यानं विचारलं. रागानं नाही. खरोखर कळत नसल्यासारखं विचारलं.

हेमांगी उठली आणि नकळत त्याच्या दिशेनं गेली. तिनं हात पुढे केला मात्र, भूषण खुर्ची मागे ढकलून उभा राहिला आणि भिंतीला जाऊन टेकला. कपाळावर घाम आला होता. तिथूनच तो म्हणाला, "थांब. थांब गं, प्लीज. मला यायचंय जवळ. पण मी नाही येऊ शकत."

महिन्याभरात त्यानं कंपनीच्या सिन्नरच्या कारखान्यात बदली मागून घेतली. भांडण झालं नाही, वकीलही आले नाहीत. विनायक गाडी घेऊन आला, दोन बॅगा खाली गेल्या. भूषण जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "फरीदानं तिथल्या एका डॉक्टरांचं नाव दिलंय. जाईन मी त्यांच्याकडे." हेमांगी दारातच थांबली. आपण पुढे गेलो तर तो मागे सरेल, हे तिला ठाऊक होतं आणि ते बघायची तिची तयारी नव्हती.

खेळाचं खोकं तिनं फरीदाला देऊन टाकलं. ओजसच्या खोलीचं दार मात्र आता उघडंच असायचं.

भूषण अधूनमधून फोन करायचा. गॅसचा नंबर, विम्याचा हप्ता, सिन्नरचं पाणी, असलं काहीबाही बोलायचा. ती बोलू द्यायची. ओजसचा विषय तिनं एकदाही काढला नाही. आता विचारायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी भूषणचा फोन आला. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"हेमा, तुला एक सांगायचंय."

"सांग."

"तुला ठाऊक आहे ते. तरी सांगू?"

"सांग ना."

"ओजसचं दुखणं रात्री नाही सुरू झालं," तो म्हणाला, आणि थांबला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. "सकाळपासूनच दुखत होतं त्याच्या पोटात."

हेमांगी जमिनीवर बसली. तिनं सगळं ऐकलं. दुधाचा कप, पट्टा, गणिताचा पेपर. एकही प्रश्न विचारला नाही. या वेळी त्याला फार वेळ लागला. तो अडखळत होता, मागे जाऊन दुरुस्त करत होता, दोनदा म्हणाला, "थांब हं जरा." त्या खोलीत तो कधी असा थांबला नव्हता. तिथे बोललेलं मागे उरण्याची भीतीच नव्हती. जे बोलू ते पुसलं जाणार होतं. आता तो लक्षात ठेवायचं म्हणून बोलत होता.

"मी तुझ्याशी खोटं बोललो," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्षं. मला माफ करशील?"

"केलं," ती म्हणाली. "माफ केलं, भूषण."

पलीकडे तो रडायला लागला. मोठ्यानं नाही. आतल्या खोलीत तो रडायचा तेव्हा त्याचं डोकं तिच्या पोटाशी असायचं. आता तिला हाताचं काय करावं ते कळेना. तिनं तो मांडीवर ठेवला.

"ऐकलंस ना?" तिनं विचारलं. "नीट ऐकलंस?"

"ऐकलं." मग थोड्या वेळानं, "आता राहील लक्षात."

"दिवाळीला येशील?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"परवा गाडीत बसलो होतो," तो म्हणाला. "कोल्हापूरच्याच. साताऱ्याच्या पुढे आलो आणि हात थरथरायला लागले. उतरलो. समोरून येणाऱ्या गाडीनं परत गेलो. डॉक्टर म्हणतात, जाईल. कधी ते त्यांनाही नाही सांगता येत. कुणाकुणाचं जातच नाही, असंही म्हणाले." मग तो म्हणाला, "तू वाट बघू नकोस, हेमा. मी खरंच सांगतोय. बघू नकोस."

हेमांगीनं डोळे पुसले. खूप काही बोलण्यासारखं होतं आणि त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचून त्याला इकडे आणणार नव्हतं.

"जेवलास?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"दोन वाजून गेले की. जेवून घे."

"हो," तो म्हणाला. पण दोघांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.